पाठीमागचा हात

"तुम्ही सांगितलं नव्हतं," असे ते म्हणाले तेव्हा त्यांचा सगळा भार माझ्या दोन्ही तळहातांवर आणि खांद्यावर आलेला होता. आवाजात राग नव्हता. ठरलेली गोष्ट समोरच्याने पाळली नाही, एवढेच नोंदवून ठेवावे, तसा तो सूर होता. वय 78, आयुष्यभर वायरमन म्हणून खांबांवर आणि शिड्यांवर चढलेले गृहस्थ, आणि गेली चार वर्षे कंपवात. तोलाची तपासणी नेहमीचीच होती. रुग्णाला पाय थोडे फाकवून उभे करायचे, आपण पाठीशी उभे राहायचे आणि दोन्ही खांदे धरून त्याला एकदम मागे ओढायचे. निरोगी माणूस एक-दोन पावले मागे टाकतो आणि सावरतो. मी रीतसर सांगितले होते की मी मागून ओढेन, तुम्ही पाऊल मागे टाकून सावरा, आणि धरायला मी आहेच. पहिल्या खेपेला ते सावरले, पण त्याला सावरणे म्हणता येत नव्हते, कारण मी ओढण्याच्या आधीच ते पोटऱ्या आवळून, अंग पुढे झुकवून, वादळात उभे राहावे तसे उभे होते. अशी खेप तपासणीत धरत नाहीत, ती पुन्हा करावी लागते. म्हणून मी त्यांना विचारले, की तुम्ही चढलेला सर्वांत उंच खांब कोणता. ते सांगू लागले, उंची दाखवायला त्यांनी एक हात वर केला, आणि त्या क्षणी मी ओढले. एकही पाऊल मागे आले नाही. भिंतीला टेकवून ठेवलेली फळी सुटावी तसे ते सरळ, ताठ, माझ्या अंगावर आले.

मी त्यांना खुर्चीत बसवले, पाणी दिले आणि कागदावर आकडा लिहिला. या चाचणीला 0 ते 4 असे गुण असतात आणि इथे जास्त गुण म्हणजे वाईट. त्यांना 3 मिळाले. 3 या आकड्याचा अर्थ असा, की माणूस एरवी नीट उभा राहतो, पण तोल सावरण्याची हालचालच होत नाही, आणि तपासणाऱ्याने धरले नाही तर तो पडतो. इतकी वर्षे मी हा आकडा लिहीत आले आहे, पण त्या व्याख्येत मीसुद्धा आहे हे त्या दिवशी पहिल्यांदा जाणवले. रक्तदाबाच्या आकड्यात मोजणारा नसतो. एक्स-रेमध्ये तो काढणाऱ्याचा हात दिसत नाही. इथे मात्र माझ्या हाताशिवाय आकडाच पुरा होत नाही.

आणि तरी त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. ओढणार हे मी सांगितले होते, पण गप्पा हाही तपासणीचाच भाग असेल, हे सांगितले नव्हते.

तोल तपासण्याच्या कामात ही अडचण मुळापासूनच आहे. तोल असतो तोवर तो कुठेच दिसत नाही, उभा माणूस नुसता उभा दिसतो. प्रत्यक्षात तेव्हाही त्याच्या घोट्यांभोवतीचे स्नायू अखंड हळूहळू ताणत आणि सैलावत असतात, अंतर्कर्णातल्या अर्धवर्तुळाकार नलिका डोके वळल्याची खबर देत असतात, डोळे भिंतीची कड पकडून असतात आणि तळव्यांना भार टाचेकडे सरकतो आहे की चवड्याकडे हे कळत असते. हा सगळा कारभार पाहायचा तर तो बिघडवावा लागतो. पायांखालची पट्टी अचानक सरकवली, तर घोट्याचे स्नायू सुमारे 0.1 सेकंदात उत्तर देतात. विचार करून पाऊल उचलायला याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे माणसाला 'आपण पडतो आहोत' हे पुरते उमगण्याच्या आधीच शरीराने काहीतरी केलेले असते, किंवा केलेले नसते. त्या 'आधी'मध्ये काय घडते ते आम्हाला पाहायचे असते, आणि पूर्वसूचना दिली की ते दिसेनासे होते.

शिकत असताना ही गोष्ट मला पहिल्यांदा भेटली ती सहा दिवसांच्या एका बाळाच्या रूपात. मोरो रिफ्लेक्स पाहायचा होता. बाळाला उताणे, जरा उचलून धरायचे, एक हात पाठीखाली, एक डोक्याखाली, आणि डोक्याखालचा हात काही सेंटिमीटर एकदम खाली न्यायचा. डोके मोकळे पडत नाही, ते पुन्हा त्याच हातावर येते, पण मधल्या निमिषापुरते बाळ खरोखर पडत असते. तेवढ्यात त्याचे दोन्ही हात बाजूंना फाकतात, बोटे पंख्यासारखी उघडतात, आणि मग ते हात हळूहळू, थरथरत, छातीशी परत येतात, काहीतरी कवटाळायला निघाल्यासारखे. पाठोपाठ रडे फुटते. आम्ही चार विद्यार्थी त्या उघडणाऱ्या बोटांकडे पाहत होतो. आमच्या शिक्षिका एवढेच म्हणाल्या, "आधी खालचा हात पक्का, मग वरचा धीटपणा." मी केले, सगळे पुस्तकाबरहुकूम झाले, आणि मान वर केली तेव्हा बाळाच्या आईचा चेहरा दिसला. ती काही बोलली नाही. बाळाला तिने माझ्याकडून घेतले आणि माझ्याकडे खांदा करून वळून बसली. एका क्षणासाठी मी तिच्या बाळाला 'कुणीच धरलेले नाही' असे वाटायला लावले होते, आणि ते मुद्दाम केले होते, हे तिला बरोबर कळले होते.

एर्न्स्ट मोरो या बालरोगतज्ज्ञाने 1918 साली ही प्रतिक्रिया वर्णिली, तेव्हा तो बाळाच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना उशीवर हात आपटत असे. त्याने तिला दिलेल्या नावाचा अर्थ 'कवटाळण्याची प्रतिक्रिया' असा होतो. घरोघरीच्या बायका या सगळ्याला फक्त 'बाळ दचकतं' म्हणतात. तपासणाऱ्याला मात्र त्या दचकण्यातून बरेच काही वाचायचे असते. दोन्ही हात सारखे उघडले का? एकच हात उघडला आणि दुसरा अंगाशी पडून राहिला, तर जन्माच्या वेळी गळपट्टीचे हाड मोडले असेल किंवा खांद्यापाशी शिरा ताणल्या गेल्या असतील. दचकणे अजिबातच नसेल, तर ती काळजीची बाब, आणि सहा महिने उलटून गेल्यावरही ते तसेच राहिले असेल, तर तीही काळजीचीच. या प्रतिक्रिया असायला हव्यात तशा वेळेवर जायलाही हव्यात, हे शिकताना मला फार विचित्र वाटले होते. शरीराला येणारी पहिली विद्या त्याने विसरायची असते.

ती गेली की तिच्या जागी जी येते ती मला जास्त आवडते. आठव्या-नवव्या महिन्याच्या सुमारास बाळाला कमरेभोवती धरून, पालथे, हवेत तोलून, डोक्याच्या बाजूने जमिनीकडे झपकन नेले, की त्याचे दोन्ही हात पुढे येतात, कोपरे ताठ होतात, बोटे पसरतात. याला पॅराशूट रिफ्लेक्स म्हणतात. नाव जरा चुकीचे आहे असे माझे मत आहे, कारण पॅराशूट पडणे लांबवते, आणि इथे बाळ पडणे लांबवत नाही, ते जमिनीशी बोलणी करायला हात पुढे करते. तोंडघशी पडणे हा वाक्प्रचार ज्या हातांनी टळतो ते हे हात. विशेष म्हणजे ते चालायला लागण्याच्या आधी येतात. शरीर पडण्याची तयारी करते आणि मगच उभे राहायला निघते. आणखी एक फरक मी शेकडो वेळा पाहिला आहे. मोरोला बाळ रडते. पॅराशूटला बरीच बाळे खुदकन हसतात आणि 'पुन्हा' अशा अर्थाने अंग उसळवतात. तोच धरणारा हात, तेच पडणे, पण आता त्याला ठाऊक आहे की खाली जमीन आहे आणि आपले हात आपल्याजवळ आहेत.

त्यानंतरचे काही महिने पडणे हाच उद्योग असतो. मानसशास्त्रज्ञ कॅरन अ‍ॅडॉल्फ आणि सहकाऱ्यांनी 12 ते 19 महिन्यांच्या मुलांना मोकळे खेळू देऊन मोजले, तर ताशी सरासरी 2,368 पावले आणि 17 वेळा पडणे असा हिशेब निघाला. ताशी 17! आणि बहुतेक वेळा उठून पुढे चालू. एवढ्या वेळा एखादा मोठा माणूस पडला, तर आपण त्याला पुन्हा उभे राहूच देणार नाही.

पॅराशूटचे हात बाकीच्या आद्य प्रतिक्रियांसारखे विझत नाहीत, ते जन्मभर राहतात असे पुस्तकात असते. ते खरे आहे, पण पुरते खरे नाही. हाडांच्या विभागात काम करणाऱ्यांना माहीत असते, की पन्नाशी-साठीतल्या बायका पडल्या की मनगट मोडते आणि पंचाहत्तरीच्या पुढे खुबा मोडू लागतो. हाडे ठिसूळ झालेली असतात हे दोन्हीकडे समान आहे. मनगट मोडते याचा अर्थ हात वेळेवर पुढे आला आणि शरीराचा मार त्याने आपल्यावर घेतला. पुढच्या वयात चाल मंद झालेली असते, पडणे समोर न होता कुशीवर होते, आणि हात तिथे पोहोचेपर्यंत जमीन आलेली असते.

माझ्या आईचे मनगट तिच्या 61 व्या वर्षी मोडले. शेवटची पायरी आहे असे वाटून तिने पाय टाकला आणि पायरी संपलेली होती. एक्स-रे समोर धरला गेला तेव्हा मला वाईट वाटण्याच्या आधी बरे वाटले, हे इथे कबूल करते. तिचा हात आला होता. साठीतही तो नवव्या महिन्यातला शहाणपणा शाबूत होता. माझ्या चेहऱ्यावर काहीतरी उमटले असणार, कारण ती वैतागून म्हणाली, "माझा हात मोडलाय आणि तू हसतेस काय?" मला ते समजावून सांगता आले नाही. आजही सांगितलेले नाही.

आता ती 79 वर्षांची आहे आणि मी तिची तपासणी कधीही केलेली नाही. निदान तिच्या लेखी तरी नाही. खुर्चीतून उठून 3 मीटर चालून, वळून परत येऊन बसायला किती सेकंद लागतात ही आमच्याकडची सर्वांत सोपी चाचणी, आणि आईच्या खुर्चीपासून दारापर्यंतचे अंतर साधारण तेवढेच आहे. कुणी आले की ती उठते, दार उघडते, परत येते, आणि मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत नाही असे दाखवते. 12 सेकंदांपर्यंत ठीक मानतात. तिला 14 लागतात, गुडघा दुखत असेल तर 16. दुसरी एक खूण मला त्याहून जास्त छळते. 1997 साली स्वीडनमधल्या संशोधकांनी वृद्धाश्रमासारख्या निवासात राहणाऱ्या वृद्धांबरोबर चालता चालता त्यांच्याशी नुसते बोलणे सुरू केले, आणि उत्तर देण्यासाठी कोण थांबते ते पाहिले. जे थांबले त्यांतले बहुतेक पुढच्या सहा महिन्यांत पडले. चालणे आणि बोलणे ही दोन कामे एकत्र पेलत नाहीत, म्हणून शरीर एक खाली ठेवते. गेल्या वर्षभरात आई बोलताना थांबू लागली आहे. चालता चालता ती मला काही सांगू लागते, पाय थांबतात, वाक्य पुरे होते, मग पाय पुन्हा निघतात. कुणालाही ते प्रेमाने थांबणे वाटेल. मलाही तसेच वाटावे असे वाटते, पण त्या थांबण्याचा अर्थ मला आता न कळणे शक्य नाही.

तिच्या पाठीशी उभे राहून तिचे खांदे ओढणे मला जमणार नाही असे मी स्वतःला सांगते, आणि कारण विचारले तर म्हणते, की घरच्यांनी घरच्यांना तपासू नये. खरे कारण तेवढे शिस्तीचे नाही.

तपासणाऱ्यांनी केलेल्या फसवणुकींची यादी तशी मोठी आहे, आणि त्यातली काही इतकी देखणी आहे की राग येत नाही. 1974 साली संशोधक डेव्हिड ली आणि एरिक अ‍ॅरनसन यांनी एक खोली बनवली, जिची जमीन स्थिर होती आणि भिंती पुढे-मागे सरकत होत्या. नुकतीच उभी राहू लागलेली 13 ते 16 महिन्यांची मुले तिच्यात उभी केली. भिंत त्यांच्याकडे आली, की त्यांच्या डोळ्यांना आपणच पुढे कलतो आहोत असे वाटे, ती सावरण्यासाठी मागे जात आणि काही चक्क खाली बसत किंवा पडत. जमीन जागची हललेली नसताना. त्या वयात डोळ्यांचा शब्द पायांच्या शब्दापेक्षा वरचढ असतो. पुढे तो कमी होतो, आणि म्हातारपणी पुन्हा वाढू लागतो, कारण तळव्यांची संवेदना बोथट होते, अंतर्कर्णातल्या, डोक्याची हालचाल टिपणाऱ्या केसपेशी कमी झालेल्या असतात, आणि उरलेल्या साक्षीदारांत डोळेच काय ते खणखणीत बोलतात. म्हणून तर 1846 मध्ये मोरिट्झ रोम्बर्ग या जर्मन डॉक्टरने लिहून ठेवलेली साधी युक्ती आजही रोज वापरली जाते. पाय जुळवून उभे राहा आणि डोळे मिटा. पाठीच्या कण्यातून पायांची खबर वर जाण्याचा मार्ग ज्यांचा बिघडलेला आहे, ते डोळे मिटताच झोकांड्या खातात. अशा लोकांना तोंड धुताना तोल जातो, कारण तोंडावर पाणी मारताना डोळे मिटलेले असतात. मी रोम्बर्ग करताना दोन्ही हात रुग्णाच्या दोन्ही बाजूंना, अंगाला न लावता, मिठी मारायला आल्यासारखे धरून उभी असते. त्याला ते दिसत नाहीत, कारण मी त्याला डोळे मिटायला सांगितलेले असते.

सध्या एका पायावर 10 सेकंद उभे राहण्याची चाचणी फोनवरून फार फिरते. ब्राझीलमधल्या 51 ते 75 वयाच्या लोकांवरचा तो अभ्यास 2022 मध्ये आला, ज्यांना उभे राहता आले नाही त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यू जास्त दिसले, आणि लोकांनी त्याचे भविष्यच करून टाकले. मला त्या अभ्यासाबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती खोलीच्या मधोमध, कुणीही पाठीशी नसताना, मोज्यांत उभे राहून ही चाचणी करून पाहणाऱ्या सत्तरीच्या लोकांबद्दल. जगभरात दर वर्षी सुमारे 6,84,000 माणसे पडून मरतात असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्या आकड्यात भर घालण्याचा हा सर्वांत निरर्थक मार्ग आहे.

हात पाठीशी हवा हे खरे, पण किती अंतरावर, हा आमच्या कामातला न सुटलेला प्रश्न आहे. फार दूर ठेवला तर माणूस पडतो. फार जवळ ठेवला तर तपासणी हाताची होते, माणसाची होत नाही. जेका आणि लॅकनर या संशोधकांनी 1994 मध्ये दाखवले, की उभ्या माणसाने बोटाचे नुसते टोक एखाद्या स्थिर पट्टीला लावले, आणि त्यावर एवढा कमी भार दिला की आधार म्हणून त्याचा काही उपयोगच होऊ नये, तरी त्याचे डुलणे स्पष्टपणे कमी होते. ते बोट शरीराला उचलून धरत नाही. 'तू इथे आहेस' एवढे ते सांगते, आणि घोट्यांना तेवढे पुरते. हे वाचल्यापासून मी माणसांची बोटे पाहू लागले. भिंतीवरून ओढत नेलेले बोट, खुर्चीच्या पाठीला निसटता स्पर्श, सोबत चालणाऱ्याच्या बाहीची चिमूट. आई माझ्याबरोबर चालते तेव्हा तिची दोन बोटे माझ्या मनगटावर असतात. भार काहीच नसतो, मी मनातल्या मनात मोजलेला आहे.

त्या वायरमन आजोबांनी पहिल्या भेटीत निघताना टेबलाच्या कडेवर एक बोट ठेवले होते आणि माझ्याशी बोलणे संपेपर्यंत ते उचलले नव्हते. मी त्यांना नीट सांगायचा प्रयत्न केला, की बोलत असताना ओढल्याशिवाय खरे काय ते कळले नसते. त्यांनी ऐकून घेतले. "कळलं," म्हणाले, आणि बोट तिथेच ठेवले. तेवढ्यावरून मला रात्री बराच वेळ झोप लागली नव्हती. आकडा बरोबर होता, पद्धत बरोबर होती, ते पडले नव्हते. तरी त्या टेबलाने जे मिळवले होते, ते मी गमावले होते.

तीन महिन्यांनी ते पुन्हा आले, या खेपेला मुलीबरोबर. उभे राहिले, पाय फाकवले, आणि मान न वळवता विचारले, "आज सांगून, की न सांगता?"

"सांगून," मी म्हणाले. "मी ओढणार आहे. पण कधी, ते नाही सांगणार."

ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मग खांबाचं विचारू नका."

मी काहीच विचारले नाही. आम्ही दोघे तसेच उभे राहिलो, ते खिडकीकडे तोंड करून आणि मी त्यांच्या मागे. त्यांच्या खांद्यांचे आवळणे मला माझ्या बोटांखाली कळत होते. ते सैल होण्याची मी वाट पाहत होते आणि मी वाट पाहते आहे हे त्यांनाही ठाऊक होते. बऱ्याच वेळाने त्यांनी एक लांब श्वास सोडला, खांदे खाली आले, आणि मी ओढले. उजवे पाऊल उचलले गेले, टीचभर मागे सरकले, तिथेच अडखळले, आणि ते माझ्या हातांवर आले. आकडा पुन्हा 3.

"पाऊल हललं ना?" त्यांनी माझ्या अंगावर रेललेले असतानाच विचारले.

"हललं."

कागदावर टीचभर पावलासाठी जागा नसते. मी ते समासात लिहिले. ते खुर्चीत बसले, दोन्ही हात मांडीवर मोकळे ठेवले आणि कुणी न विचारता त्या खांबाची मागच्या वेळी अर्धवट राहिलेली गोष्ट सांगू लागले. खांब 11 मीटरचा होता, वारा सुटलेला होता. कमरेचा पट्टा खांबाभोवती टाकून पूर्ण मागे रेलायचे, तेव्हाच दोन्ही हात तारेला मोकळे होतात. पाय खांबावर, पाठ हवेत. मुलगी म्हणाली की हे तिने कधी ऐकलेच नव्हते. त्यांनी दोन्ही हातांनी पोटाशी नसलेला पट्टा धरला आणि दोनदा झटका देऊन दाखवला. "रेलायच्या आधी असा ओढून बघायचा," ते म्हणाले. "रोज. कालच बघितला असला, तरी."